रेशमाला खळ

चंदनबाला चौगुले या बाईला एकटीनं म्हणून काही करता येत नाही, असं तिचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, तेव्हा तिला राग यायचा. भाजी एकटी आणते, जैन बस्तीत दर्शनाला एकटी जाते, लाइटबिल एकटी भरते, मग हा काय बोलतो? पण दोरीच्या बाबतीत त्याचं बोलणं खरं होतं. पिळाची दोरी एका माणसाच्यानं होतच नाही. एकानं रहाट फिरवायचा आणि दुसऱ्यानं समोरून चालत यायचं. सांगलीच्या गावभागात चौगुल्यांच्या घरामागं चाळीस हातांचा अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या या टोकाला चंदनबाला आणि त्या टोकाला बनुबाई, असं एकतीस वर्षं चाललं होतं.

रहाट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. लाकडी चौकटीत एक चाक आणि त्याच्याबरोबर फिरणारे तीन लोखंडी आकडे. एकेका आकड्याला सुताचा एकेक पदर बांधायचा आणि तिन्ही पदरांची टोकं बनुबाईच्या कमरेच्या पट्ट्याला असलेल्या एका आकड्यात अडकवायची. पट्टा जुन्या तरटाचा, कारण चौगुल्यांच्या घरात चामडं चालत नाही. चाक फिरलं की पदरांना पीळ बसतो, पीळ बसला की पदर आखडतात, आणि आखडले की बनुबाईनं पुढं यायचं. किती यायचं, त्यातच सगळं आलं. लवकर आली तर पदर लोंबून एकमेकांत अडकतात, उशिरा आली तर तटकन तुटतात. पीळ पुरेसा बसला की मग बनुबाई आपला आकडा उलटा फिरवू लागायची आणि तिन्ही पदर एकमेकांना मिठी मारून त्यांची दोरी व्हायची.

दर चार-सहा फेऱ्यांनी चंदनबाला म्हणायची, "ये."

"आले की वैनी," बनुबाई म्हणायची.

म्हणायची गरज काही नव्हती. ओढ कमरेला कळतेच. पण एकतीस वर्षांत हे दोन शब्द एक दिवसही चुकले नव्हते. भांडण होऊन दोघी बोलत नसल्या, तरी "ये" आणि "आले की" तेवढं चालायचं. ते भांडणात धरायचं नाही, असं बहुधा ठरलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी दोरी लागते कुणाला? ऐतिहासिक नाटकातला सरदार स्टेजवर आला की लोक त्याच्या मिशा बघतात, तलवार बघतात. अंगरख्याच्या गळ्याला आणि बाह्यांना शिवलेली करंगळीपेक्षा बारीक दोरी कोण बघतंय? पण ती नसली तर तोच सरदार अंथरुणातून उठून आल्यासारखा दिसतो. चंदनबालाचे सासरे सांगली-मिरजेच्या नाटक मंडळींना अशी दोरी पुरवायचे. कपडेपट सांभाळणारी माणसं थेट साताऱ्याहून यायची. सासऱ्यांनंतर तिचा नवरा महावीर करू लागला. दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे म्हणून त्यानंच बनुबाईला आणलं. बनुबाई कवठे महांकाळकडची, धनगराची, लवकर विधवा झालेली. लोकरीला पीळ द्यायचं तिला लहानपणापासून ठाऊक. महावीरला दुकानाचं बघावं लागायचं म्हणून रहाटाला चंदनबाला बसली, ती बसलीच. महावीर जाऊन बारा वर्षं झाली.

आणि हळूहळू काम संपलं. सुरतेहून यंत्रावरची दोरी रिळानं येऊ लागली. फोनवर बोट ठेवलं की तिसऱ्या दिवशी दारात. कपडेपटवाली माणसं म्हातारी झाली, काही गेली. गेल्या दिवाळीपासून तर महिन्यातून एखादी दोरी व्हायची, तीही बस्तीतल्या उत्सवाच्या झेंड्यासाठी. बनुबाई तरी रोज सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीतून यायची, पट्टा बांधायची, बोळात थोडा वेळ उभी राहायची आणि मग पट्टा सोडून चंदनबालाबरोबर गहू निवडत बसायची.

बनुबाईच्या पुतण्याला, बिराप्पाला हे कळलं. तो माणूस वाईट नव्हता. उलट चांगला होता, म्हणूनच तर पंचाईत झाली. त्यानं स्पष्ट सांगितलं, "आत्ती, हाताला काम हुतं तवर मी काय बोललो न्हाई. आता कुणासाठी ऱ्हायलीयास तिथं? पाडव्याला गाडी घिऊन येतो. काम आलं तर ऱ्हा, न्हाई आलं तर चल."

बनुबाईनं हे गहू निवडता निवडता सांगितलं. चंदनबालानं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "तिथं काय करणार तू?"

"शेरडं राखीन."

"शेरडाच्या मागं पळता येतंय व्हय तुला? बस्तीच्या चार पायऱ्या चढायच्या तर गुडघं धरतीस."

"मग बसून राखीन."

"बस की. तुला बघून शेरडंबी बसतील."

दोघी हसल्या. पण त्या रात्री चंदनबालाला नीट झोप लागली नाही. तिला भीती वाटत होती. मुलगा पुण्याला गेला तेव्हा वाटली नव्हती, नवरा गेला तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई आली होती. पाडव्याला दीड महिना होता, आणि तेवढ्यात काम आलं नाही तर बनुबाई जाणार, हे सरळ होतं.

काम आलं. इस्लामपूरची प्रियदर्शनी कांबळे नावाची मुलगी विश्रामबागेत विचारत विचारत गावभागात पोचली. ती पोशाखाचं शिकलेली होती आणि साताऱ्याला तिथीच्या शिवजयंतीच्या सुमारास मोठं ऐतिहासिक नाटक मैदानावर होणार होतं, त्याचे कपडे तिच्याकडं होते. चौगुल्यांची जुनी दोरी तिनं कुठल्याशा कॉलेजच्या कपडेपटात पाहिली होती. यंत्राची दोरी तिला नको होती.

"यंत्राचा पीळ मेलेला असतो काकू. सगळीकडं सारखाच," ती म्हणाली. चंदनबालाला ती मुलगी तिथंच आवडली.

मग तिनं पिशवीतून लडी काढल्या. दोन किरमिजी आणि एक हळदीच्या रंगाची. बोळातल्या उन्हात त्या अशा चमकल्या की बनुबाई बघतच राहिली.

"रेशीम आहे हे. सुती दोरी मोठ्या लाइटखाली दिसत नाही, म्हणून राजघराण्यातल्या कपड्यांना मी रेशीमच धरलंय. दहा दोऱ्या लागतील. हे चांगलं झालं तर पुढं पुण्याचंही एक काम आहे, वर्षभराचं."

चंदनबालानं लडीला हात लावला नव्हता. तिनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर मुनिमहाराजांसमोर नेम घेतला होता की जन्मभर रेशमाला शिवणार नाही. सासऱ्यांचाही तोच नेम होता. गावातल्या कितीतरी जैन बाया लग्नाकार्यात रेशमी नेसतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही, पण धाग्याचा धंदा करणाऱ्यानं तरी तो नेम घ्यावा, असं सासऱ्यांना वाटे. एका कोशात एक जीव असतो आणि तो उकळत्या पाण्यात घालतात, हे महाराजांनी सांगितलं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिला रडू आलं होतं. तेव्हापासून चौगुल्यांची दोरी म्हणजे सुती दोरी.

"उद्या सांगते," ती प्रियदर्शनीला म्हणाली. मुलगी लडी ठेवून गेली.

"न्हाई म्हणा वैनी," बनुबाई म्हणाली. "माझ्यासाठी नेम मोडू नका. आवं, देवापुढं घेतलेला नेम."

"तुझ्यासाठी कोण मोडतंय? लय मोठी लागून गेलीस." चंदनबाला एकदम चिडली. "माझं मी बघते. तू जा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस्तीत गेली नाही. जाऊन काय सांगणार होती? अंगणातूनच तिकडं तोंड करून हात जोडले, आत येऊन हात धुतले, आणि हात कशासाठी धुतले असं स्वतःला विचारलं. मग तिनं लडी सोडली. रेशीम बोटांना लागलंच नाही. असतं का नसतं कळत नाही, इतकं हलकं. तिला उकळत्या पाण्याची आठवण झाली. तिनं पदर आकड्याला बांधला.

नमुन्याची पहिली दोरी त्याच दिवशी झाली. खरं सांगायचं तर दोघींनाही ती आवडली, आणि आवडली याची चंदनबालाला लाज वाटली. सूत पकडून ठेवतं, रेशीम निसटतं. नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या द्याव्या लागल्या.

"ये."

"आले की वैनी. ह्ये तर लय पळतंय पुढं. जरा दमानं."

शेवटी बनुबाईनं आकडा उलटा फिरवला तेव्हा किरमिजीत हळदीचा पदर असा फिरत गेला की दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. फोटो पाठवला. 'काकू, अशीच हवी होती. बाकीच्या नऊ करा,' असं प्रियदर्शनीचं उत्तर आलं. बनुबाईनं तो फोन हातात घेऊन, वाचता येत नसताना, बराच वेळ धरला. मग म्हणाली, "बिराप्पाला सांगते, गाडीचं भाडं वाचलं म्हणून."

पंधरा दिवसांत नऊ दोऱ्या झाल्या. त्या पंधरा दिवसांत बनुबाईचे गुडघे दुखले नाहीत, किंवा दुखले तरी तिनं सांगितलं नाही. चंदनबाला दुपारी गाणं गुणगुणायची. बस्तीत मात्र ती एकदाही गेली नाही. शेजारणींनी विचारलं तर पाय मुरगळलाय म्हणायची, आणि मग मुद्दाम लंगडायची. बनुबाई तिला हसायची, की वैनी, काल डावा हुता, आज उजवा कसा काय?

चौगुल्यांच्या दोरीचं शेवटचं काम म्हणजे खळ. सुती दोरी नुसती पिळून सोडली तर चार दिवसांत फुसफुसते, अंगावर केस येतात. म्हणून तांदळाची पातळ, गरम खळ करायची, दोऱ्या त्यात बुडवायच्या, दोन खुंट्यांवर ताणून वाळवायच्या आणि वर खडबडीत फडकं फिरवायचं. दोरी कशी ताठ, गोल आणि गुळगुळीत होते. एका दोरीसाठी कुणी खळ शिजवत नाही. सगळ्या झाल्या की एकदम लावायची, ही सासऱ्यांपासूनची रीत. म्हणून नमुन्याच्या दोरीला ती लावलेली नव्हती आणि फोटोतही नव्हती.

रेशीम जाणणारा माणूस रेशमाच्या जवळ गरम खळ नेत नाही. कुठलाही साडीवाला सांगेल, पोर सांगेल. पण चौगुल्यांच्या घरात तीन पिढ्यांत रेशीम आलं नव्हतं. चंदनबालाला सूत ठाऊक होतं, बनुबाईला लोकर ठाऊक होती. रेशीम दोघींनाही ठाऊक नव्हतं, आणि नेमामुळंच ठाऊक नव्हतं.

चंदनबालानं सकाळी दहा वाजता खळ उतरवली. नेहमीसारखी हाताला सोसेल एवढी गरम ठेवली. नऊ दोऱ्या एका पातेल्यात दाबल्या. बनुबाईनं ताणून खुंट्यांना बांधल्या. थेंब खाली पडू लागले तेव्हा बनुबाई म्हणाली, "वैनी, खालचं पाणी तांबडं दिसतंय."

"असंल. नवा रंग थोडा सुटतोच."

दुपारपर्यंत दोऱ्या वाळल्या. हळदीचा पदर कुठं दिसत नव्हता. किरमिजी त्याच्यात उतरून सगळं मिळून विटेच्या रंगाचं झालं होतं. चमक गेली होती. चंदनबालानं खडबडीत फडकं फिरवलं, तर ताठ झालेल्या दोरीचे तंतू तुटून वर आले. ती घाईनं बादली भरून घेऊन आली आणि एक दोरी धुऊन बघितली. खळ निघाली आणि तिच्याबरोबर पीळही ढिला पडला. दोरी बादलीत लोळागोळा होऊन पडली.

बनुबाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. चंदनबाला रडली नाही. ती प्रत्येक दोरी खुंटीवरून सोडून वळून ठेवत राहिली, जशी चांगली दोरी वळून ठेवतात तशी.

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं साताऱ्याला गेल्या. फोनवर सांगायची चंदनबालाची हिंमत झाली नाही, आणि खरं म्हणजे तिला एक वेडी आशा होती, की हातानं केलंय म्हणून चालेल. लांबून कुठं दिसणार आहे? इस्लामपूर गेलं, कऱ्हाड गेलं. पिशवी आळीपाळीनं मांडीवर घेतली.

एका मंगल कार्यालयात कपड्यांचं काम चाललं होतं. मशीन धडधडत होत्या. शिंपीमास्तरांनी पिशवीतली दोरी काढली, नाकाशी नेली आणि चष्मा वर केला.

"खळ? रेशमाला कुणी खळ लावतं का हो बाई?" त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. दाबलेलं चंदनबालाला दिसलं.

प्रियदर्शनीनं दोरी हातात घेतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नखानं एक तुटलेला तंतू उचलून बघितला.

"आमच्यात रेशमाला शिवत नाहीत," चंदनबाला म्हणाली. "माझा नेम होता. म्हणून ठाऊक नव्हतं बाळ."

"मग केलंत कशाला काकू?"

चंदनबालानं बनुबाईकडं पाहिलं. बनुबाई भिंतीला टांगलेल्या अंगरख्यांकडं बघत उभी होती, हात पाठीमागं बांधून, आपला इथं काही संबंध नाही अशी. 

रंगीत तालीम परवावर आली होती. प्रियदर्शनीनं कोपऱ्यातल्या खोक्यातून सुरतेचं रीळ काढलं. ते आधीच मागवून ठेवलेलं होतं, वेळेला असावं म्हणून. "लडींचं काही मनात आणू नका," ती म्हणाली. पुण्याच्या कामाचं ती काही बोलली नाही, आणि चंदनबालानंही विचारलं नाही. दोघी निघताना प्रियदर्शनीनं खळ न लागलेली नमुन्याची दोरी तेवढी मागून घेतली. "ही मी माझ्याजवळ ठेवते. किती सुंदर झालीय ही." तिनं ते अगदी मनापासून म्हटलं आणि चंदनबालाला सगळ्यात जास्त तेच लागलं.

परतीच्या गाडीत कऱ्हाडच्या पुढं बनुबाई म्हणाली, "पाप माझ्या माथी आलं वैनी. तुमी न्हाई म्हणाला असता, मीच मधी आले."

"गप बस."

"नेमबी गेला आन् कामबी."

"बनाक्का, गप बस म्हटलं ना."

चंदनबाला बनुबाईला बनाक्का कधीतरीच म्हणायची. बनुबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. सांगली येईपर्यंत तो काढला नाही.

पाडव्याला बिराप्पा गाडी घेऊन आला. त्यानं चंदनबालाच्या पाया पडून म्हटलं, "जत्रंला या काकू. आत्तीला भेटाय या." बनुबाईचं सामान एक ट्रंक, एक घोंगडं आणि पाण्याचा एक हंडा, एवढंच होतं. चंदनबालानं तिला बांधून दिलेल्या पुरणपोळ्या तिनं मांडीवर धरल्या. कमरेचा पट्टा ती गाडीत बसायच्या आधी सोडून द्यायला आली, म्हणजे ती त्या दिवशीही तो बांधून आली होती.

"ठेवा. कुणी मिळालं तर लागंल."

"कोण मिळतंय आता?"

"न्हाई मिळत," बनुबाई म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही.

चार दिवसांनी चंदनबाला बस्तीत गेली. मुक्कामाला आलेल्या साध्वी माताजींना तिनं सगळं सांगितलं. माताजींनी काही उपवास सांगितले आणि विचारलं, पुन्हा घेणार का नेम? तिनं घेतला. घ्यायला काही अडचण नव्हती, आता रेशीम घेऊन कुणी येणार नव्हतं. उपवास तिनं पुरे केले. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं, ते झालं नाही.

बस्तीतून झेंड्यासाठी एक सुती दोरी सांगितली होती. एका सकाळी तिनं बनुबाईचा पट्टा बोळाच्या त्या टोकाच्या पेरूच्या बुंध्याला बांधला, आकड्यात तीन पदर अडकवले आणि इकडं येऊन चाक फिरवायला घेतलं. पदरांना पीळ बसू लागला, आखडू लागले. हात आपोआप थांबला.

"ये," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला कळलं. तरी तिनं चाक आणखी दोनदा फिरवलं. मधला पदर तटकन तुटला आणि उलटा येऊन तिच्या दंडावर बसला.

ती उठून पेरूपाशी गेली. पट्टा सोडला. थोडा वेळ हातात धरला आणि मग स्वतःच्या कमरेला बांधून बघितला. तो सैल झाला. बनुबाई तिच्यापेक्षा जाड होती. उरलेले दोन पदर तिच्या कमरेपासून समोर रहाटापर्यंत गेले होते. या टोकाला ती याआधी कधी उभी राहिली नव्हती. इथून रहाट दिसत होता, त्याच्यामागचा तिचा बसायचा पाट दिसत होता, मागं स्वैपाकघराची खिडकी. एकतीस वर्षं बनुबाईला इथून चंदनबालाचं तोंड दिसत आलं होतं. आता पाटावर कुणी नव्हतं. तरी पदर ताणलेले होते म्हणून ती एक पाऊल पुढं गेली, मग आणखी एक, आणि पदर लोंबून जमिनीला टेकले.